पुलीची बेअरिंग बदलण्याआधी उघडून बघा

बेल्टच्या बाजूने घरघर यायला लागली की गॅरेजमध्ये ठरलेलं उत्तर मिळतं: पुली बदलून टाका. वाजणाऱ्या पुलीपुरतं ते बहुतेक वेळा बरोबरही असतं. पण त्याच बेल्टवर तितक्याच वर्षांची, अजून गप्प असलेली दुसरी पुली असते. तिच्यातलं ग्रीसही तितकंच सुकलेलं असतं आणि तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. बेअरिंग धुऊन नवं ग्रीस भरण्याचा खरा फायदा या दुसऱ्या पुलीला होतो. वाजायला लागलेल्या बेअरिंगमध्ये ग्रीस कोंबलं तर आवाज चार दिवस दबतो. रेसला, म्हणजे छर्रे धावतात त्या पोलादी वाटेला, पडलेला खड्डा काही भरून येत नाही.

हे सगळं इंजिनाच्या बाहेरच्या बेल्टबद्दल आहे, म्हणजे आल्टरनेटर, एसीचा कॉम्प्रेसर, पॉवर स्टिअरिंगचा पंप फिरवणाऱ्या बेल्टबद्दल. त्यावरच्या आयडलर (बेल्टला नुसती वाट दाखवणारी) आणि टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी) पुल्या या कामाला योग्य. टायमिंग बेल्टच्या, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनशी जुळवून ठेवणाऱ्या बेल्टच्या, पुल्यांवर हा प्रयोग करायचा नाही. तिथली बेअरिंग जाम झाली की बेल्ट तुटतो किंवा दात सोडतो, आणि बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून हेड उघडायची पाळी येते. टायमिंग बेल्ट बदलताना त्याच्या पुल्या किटमधल्या नव्याच घालायच्या, जुनी हाताला कितीही गुळगुळीत लागो.

ग्रीस संपतं कसं

आयडलर पुलीत बहुतेक वेळा साधी एकेरी बॉल बेअरिंग असते: ६२०३ (आतून १७, बाहेरून ४०, रुंदी १२ मिमी), ६२०२ (१५, ३५, ११), ६३०१ (१२, ३७, १२) किंवा ६३०३ (१७, ४७, १४). काही गाड्यांत छर्ऱ्यांच्या दोन ओळींची रुंद बेअरिंग येते. बनवताना हिच्यात ग्रॅम-दोन ग्रॅम ग्रीस भरतात, दोन्ही बाजूंना रबरी सील बसवतात आणि ‘आयुष्यभरासाठी ग्रीस भरलेली’ म्हणतात. कुणाच्या आयुष्यभरासाठी, ते सांगत नाहीत.

हिशेब करून बघा. क्रँकची (इंजिनाच्या मुख्य शाफ्टची) पुली १५० मिमीची आणि आयडलर ७० मिमीची असेल, तर इंजिन २,५०० आरपीएमवर असताना आयडलर ५,३०० च्या वर फिरते. तासाला तीन लाखांहून जास्त फेरे. आणि हे सगळं बॉनेटखालच्या उकाड्यात. ग्रीस म्हणजे बहुधा साबणाच्या जाळीत धरून ठेवलेलं तेल. वंगणाचं काम मुख्यतः ते तेल करतं. उष्णतेने काही तेल पाझरून जातं, काही हवा लागून चिकट राळेसारखं होतं, आणि मागे राहतो तो कोरडा साबण. बेअरिंगवाल्यांचा एक जुना ठोकताळा आहे: साधारण ७० अंश सेल्सिअसच्या वर दर १५ अंशांना ग्रीसचं आयुष्य निम्मं होतं. म्हणून एकाच बेल्टवरच्या दोन सारख्या पुल्यांपैकी एक्झॉस्टच्या बाजूची आधी सुकते.

दुसरा शत्रू पाणी. गाडी तापलेली असताना सर्व्हिस स्टेशनवर इंजिनावर प्रेशरने पाणी मारलं की गरम बेअरिंग एकदम गार होते, आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेखालून पाणी आत ओढलं जातं. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गाडी काढली की तेच. कोकणात किंवा घाटमाथ्यावर चालणाऱ्या गाड्यांच्या खालच्या पुल्या उघडल्या तर सुकलेल्या ग्रीसपेक्षा दुधट झालेलं ग्रीस जास्त सापडतं.

आवाज कुठल्या पुलीचा

आधी बेल्टचा आवाज वेगळा काढा. चालू इंजिनावर बेल्टच्या खोबणीच्या बाजूला लांबून थोडं पाणी शिंपडा. चिरचिर लगेच थांबली किंवा बदलली तर दोष बेल्टचा, ताणाचा किंवा पुल्या एका रेषेत नसण्याचा आहे. बेअरिंगच्या आवाजाला पाण्याने फरक पडत नाही.

मग बेल्ट उतरवून इंजिन जेमतेम २० ते ३० सेकंद चालवा. बॅटरीचा दिवा लागेल, ते साहजिक आहे. जास्त वेळ चालवू नका, कारण अनेक गाड्यांत वॉटर पंपही याच बेल्टवर असतो. आवाज गेला तर दोषी बेल्टवरचंच कुणीतरी आहे. इंजिन बंद करून प्रत्येक पुली हाताने फिरवा आणि कडेला धरून पुढे-मागे हलवून बघा.

इथे एक समज मोडायला हवा. टिचकी मारल्यावर जी पुली खूप वेळ भिरभिरत राहते ती चांगली, असं अनेकजण धरून चालतात. असतं बरोबर उलट. ग्रीस भरलेली, सील घट्ट असलेली पुली टिचकीला एक-दोन फेरे घेते आणि थांबते, आवाज जवळजवळ नसतो. आठ-दहा फेरे सुसाट घेणारी आणि फिरताना कोरडी ‘सर्रर्र’ करणारी पुली आतून सुकलेली आहे. हीच उघडायची. अडखळत, टप्प्याटप्प्याने फिरणारी किंवा कडेला धरून हलवल्यावर ‘टकटक’ लागणारी पुली उघडण्यात वेळ घालवू नका, ती गेली.

उतरवताना

इंजिन गार, किल्ली खिशात, बॅटरीची निगेटिव्ह काढलेली. बेल्टचा मार्ग कागदावर काढून ठेवा किंवा फोटो घ्या, आणि तोच बेल्ट परत घालायचा असेल तर खडूने फिरण्याच्या दिशेचा बाण करा. स्प्रिंगच्या टेन्शनरला पाना लावून तो ढिला करायचा, बेल्ट सोडवायचा आणि हळूच परत येऊ द्यायचा. पाना निसटून टेन्शनर आपटला तर त्याचा दांडा किंवा थांबा तुटतो.

पुलीच्या मधोमध बहुधा प्लास्टिकची किंवा पत्र्याची टोपी असते. ती पेचकसाने उचकटली की बोल्ट दिसतो. काही टेन्शनर पुल्यांच्या बोल्टला उलटे आटे असतात. बोल्ट नेहमीच्या दिशेने जराही हलत नसेल तर लांब पाइप लावण्याआधी आट्यांची दिशा तपासा. पुलीमागचा वॉशर, स्पेसर आणि धुळीची ताटली कुठल्या क्रमाने निघाली ते तसंच ओळीने फडक्यावर मांडा. स्पेसर विसरला किंवा उलटा बसला की पुली ब्रॅकेटला घासते किंवा बेल्टची रेष चुकते, आणि दोष मात्र ग्रीसवर जातो.

आता पुलीच बघा. पुष्कळ पुल्या काच मिसळलेल्या नायलॉनच्या असतात आणि बेअरिंगच्या भोवतीच ओतलेल्या असतात. त्यातून बेअरिंग सुटी होत नाही. बेल्ट चालतो त्या भागाला झिजून पायरी पडली असेल, किंवा बेअरिंगभोवती केसासारखी चीर असेल, तर आतली बेअरिंग सोन्याची असली तरी पुली बाद. पत्र्याच्या पुलीत बेअरिंग दाबून बसवलेली असते, कधी सर्क्लिपने (खाचेत बसणाऱ्या स्प्रिंगच्या कडीने) अडवलेली. ग्रीस भरण्यासाठी ती बाहेर काढायची अजिबात गरज नाही. उलट, आतल्या रिंगवर ठोकून किंवा दाबून बेअरिंग काढली की सगळा जोर छर्ऱ्यांवरून जातो आणि रेसला बारीक वळ उठतात. अशी काढलेली बेअरिंग परत वापरायची नसते. काम पुलीत असतानाच करायचं.

सील काढणं

सीलवर किंवा रिंगवर आकड्यापुढे अक्षरं असतात. टू-आरएस, डीडीयू, एलएलयू असं असेल तर दोन्ही बाजूंना रबरी सील आहेत आणि ती निघतात. झेडझेड किंवा टू-झेड म्हणजे पत्र्याच्या ताटल्या, त्या बहुधा दाबून कायमच्या बसवलेल्या असतात. काढायला गेलं की वाकतात. तशा ताटलीला भोक पाडून ग्रीस सोडणारेही आहेत. ड्रिलचा किस नेमका आत जातो, आणि बेअरिंगमध्ये लोखंडाचा किस म्हणजे दुसरी घरघर. झेडझेड सुकली असेल तर सरळ टू-आरएस घाला.

रबरी सीलच्या आत पत्र्याची चकती असते. त्याची बाहेरची कड बाहेरच्या रिंगच्या खाचेत अडकलेली असते, आतली कड आतल्या रिंगवर हलकेच टेकलेली. उचकटायचं ते आतल्या कडेने. टोक घासून गोल केलेली दाभणासारखी सळई, किंवा दातांच्या डॉक्टरांचं जुनं आकडीचं हत्यार मिळालं तर फारच छान. टोक कडेखाली मिलिमीटरभरच सरकवा, आडवं धरा, हलके उचला, थोडं पुढे जाऊन पुन्हा उचला. तीन-चार जागी उचललं की बाहेरची कड ‘पट्’ करून खाचेतून सुटते. एकाच जागी जोर लावला तर आतला पत्रा वाकतो, मग सील परत बसल्यावर लाटेसारखं राहतं आणि घासतं. बाहेरच्या कडेने ब्लेड घालायची पद्धतही आहे, पण तिथे रबर खाचेत घट्ट असतं, कापलं जातं, आणि कापलेल्या जागेतून पुढे ग्रीस झिरपतं. सळई खोल गेली तर खाली प्लास्टिकची केज (छर्रे अंतरावर धरून ठेवणारा पिंजरा) असू शकते, तिला ओरखडासुद्धा नको.

दोन्ही बाजूंची सील काढा. एकाच बाजूने धुतलं तर मागच्या सीलच्या कोपऱ्यात जुना गाळ बसून राहतो. मागच्या बाजूला हात पोचतच नसेल तर उघडी बाजू खाली करून धुवा, म्हणजे घाण निदान पडून जाईल.

जुनं ग्रीस काय सांगतं

सगळं पुसून टाकण्याआधी इथे थांबा, कारण पुढचा निर्णय बराचसा इथेच होतो. थोडं ग्रीस बोटावर घेऊन पांढऱ्या कागदावर चोळा आणि उन्हात बघा.

तपकिरी, मेणासारखं घट्ट, केजच्या खिशांत आणि सीलच्या आतल्या बाजूला वड्या धरून बसलेलं, छर्ऱ्यांवर मात्र जवळजवळ काही नाही: हे नुसतं वयाने सुकलेलं ग्रीस. कागदावर तेलाची ओली कड उमटत नाही. अशी बेअरिंग या कामासाठी सर्वोत्तम, आतला पोलाद बहुधा शाबूत असतो.

काळं, पातळ, कागदावर चोळल्यावर उन्हात चमचमणारं: ती चमक म्हणजे रेसचा आणि छर्ऱ्यांचा घासून निघालेला पोलाद, किंवा पत्र्याची केज झिजते आहे. धुऊन बघायला हरकत नाही, पण आशा कमी ठेवा. दुधट किंवा करडं म्हणजे पाणी शिरलं. पाणी शिरून थोडेच दिवस झाले असतील तर वाचते. विटकरी, भुकटीसारखं असेल तर गंज आधीच पोलाद खाऊ लागलेला आहे. अशी बेअरिंग धुतल्यावर रेसवर काळे ठिपके दिसतात आणि ते ठिपके पुढे खड्डे होतात. जळका वास आणि निळसर झालेल्या रिंग्ज दिसल्या तर धुण्याचे कष्टही घेऊ नका. पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलेला असतो.

धुणं

रॉकेल मिळालं तर उत्तम, नाहीतर डिझेल. मोठा गाळ आधी लाकडी काडीने काढा; कापसाने नको, त्याचे तंतू केजमध्ये अडकतात. मग तीन भांडी: पहिल्यात मुख्य घाण, दुसऱ्यात जुन्या टूथब्रशने घासून, तिसऱ्यात स्वच्छ रॉकेलमध्ये बुडवून आतली रिंग हळूहळू फिरवायची. तिसऱ्या भांड्याच्या तळाशी काळी रेती दिसायची थांबेपर्यंत हे चालू ठेवायचं. शेवटी रॉकेलचा तेलकट थर काढायला थोडं पेट्रोल किंवा ब्रेक क्लीनर, तेही उघड्यावर, आसपास विडी-काडी नसताना. सीलला पेट्रोल-क्लीनर लावू नका, रबर फुगतं आणि परत खाचेत बसत नाही. सील रॉकेलच्या फडक्याने पुसून साबणाच्या पाण्याने धुवा.

इतकं कसून धुण्याचं कारण आहे. बेअरिंगमध्ये मूळ भरलेलं ग्रीस बऱ्याचदा पॉलियुरियाचं (साबणाऐवजी या पदार्थाची जाळी असलेलं) असतं आणि बाजारात हाताशी येतं ते लिथियमचं. अनेकदा या दोघांचं जमत नाही. एकत्र आले की मिश्रण मऊ पडतं आणि गरम झाल्यावर सीलखालून वाहून जातं. सीलच्या कडेखाली इंजेक्शनची सुई घालून वरून नवं ग्रीस ढकलण्याची युक्ती याच कारणाने टिकत नाही. जुना गाळ आतच राहतो आणि नव्या ग्रीसमध्ये कालवला जातो.

धुतल्यावर हवा मारायची असेल तर दोन्ही रिंग्ज बोटांनी धरून ठेवा. हवेच्या झोताने बेअरिंग शिट्टी वाजेपर्यंत गरगर फिरवायचा खेळ कारखान्यांतही चालतो आणि तो धोक्याचा आहे. वंगण नसताना हजारो आरपीएमवर छर्रे रेसला ओरखडतात, आणि केज तुटली तर छर्रे उडतात. वाळलेली बेअरिंग तशीच ठेवून जेवायला जाऊ नका. पोलाद उघडा पडलेला असतो, घामाच्या बोटाचा ठसासुद्धा दमट हवेत गंजतो.

ठेवायची की टाकायची

धुतलेली कोरडी बेअरिंग फिरवली की ती खळखळतेच, नवी असली तरी. इथे अनेकजण घाबरून चांगली बेअरिंग फेकून देतात. त्यामुळे आधी दोन थेंब इंजिन ऑइल टाका, दहा-बारा फेरे फिरवा आणि मग परीक्षा घ्या. आतल्या रिंगमध्ये बोट घालून तिच्यावर बाजूने हलका दाब द्या आणि अगदी सावकाश फिरवा. गुळगुळीत लागली तर पास. प्रत्येक फेऱ्यात एकाच ठिकाणी ‘टक्’ लागलं तर आणखी एकदा धुवा, कारण कधी रेतीचा कण अडकलेला असतो. पुन्हा तिथेच लागलं तर रेसला खड्डा आहे.

डोळ्यांनी बघताना टॉर्च आणि भिंग घ्या. छर्रे चालतात तिथे रेसवर किंचित मंद, एकसारखा पट्टा दिसतो. तो वापराचा आहे, दोष नाही. पापुद्रा सुटल्यासारखे खड्डे, छर्ऱ्यांच्या अंतराने उठलेले वळ, गंजाचे ठिपके, केजला चीर किंवा सैल रिव्हेट यांपैकी एकही दिसलं तर बदला. ढिलेपणाचा अंदाज आकड्यांवरून घ्या: ६२०३ मध्ये नवीनपणी आडवी मोकळीक ३ ते १८ मायक्रॉन असते, सी३ (म्हणजे जास्त मोकळीक) लिहिलेलीत ११ ते २५. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे मायक्रॉन, त्यामुळे बोटाला आडवा खेळ जाणवणंच मुश्किल. पुलीची कड पुढे-मागे हलवल्यावर जेमतेम हालचाल लागली तर ठीक. डोळ्याला दिसेल इतकी डुलत असेल तर नाही.

कोणतं ग्रीस आणि किती

डब्यावर दोन गोष्टी शोधा: लिथियम कॉम्प्लेक्स किंवा पॉलियुरिया, आणि एनएलजीआय २ (हा ग्रीसच्या घट्टपणाचा नंबर). लिथियम कॉम्प्लेक्सचा ड्रॉपिंग पॉइंट, म्हणजे ग्रीस वितळून थेंब पडायला लागतो ते तापमान, साधारण २५० अंशांच्या पुढे असतो. साध्या लिथियमचा १८० ते २०० च्या आसपास. बेस ऑइलचा (ग्रीसमधल्या तेलाचा) दाटपणा, म्हणजे व्हिस्कॉसिटी, ४० अंशांना १०० ते १५० सेंटिस्टोक असलेलं घ्या. गॅरेजमध्ये पडलेलं एपी ३ सहसा तीन नंबरचं असतं. चाकाच्या बेअरिंगला ते छान, या छोट्या वेगवान बेअरिंगला जरा घट्ट, अडीअडचणीला चालेल. चेसिसचं काळं मॉलिब्डेनम ग्रीस इथे घालू नका, ते सावकाश आणि जड चालणाऱ्या सांध्यांसाठी आहे. तांब्याचं अँटी-सीझ, स्प्रेचं पांढरं लिथियम आणि पाण्याच्या पंपाला घालतात ते पिवळं कॅल्शियम कप ग्रीस हेही नको. कप ग्रीस पाण्यात टिकतं, पण १०० अंशांच्या आतच वितळतं. रंगावरून काही ठरवू नका, निळा-लाल हा नुसता डाय असतो. आणि गंज सोडवायचा स्प्रे बेअरिंगवर मारणं म्हणजे उरलंसुरलं ग्रीस धुऊन काढणं. आवाज थांबतो तो आठवडाभर.

प्रमाणात सगळ्यात जास्त चुका होतात, आणि त्या जवळजवळ नेहमी जास्त भरण्याच्या. बेअरिंगच्या आतल्या मोकळ्या जागेच्या २५ ते ३५ टक्केच ग्रीस हवं. ६२०३ ची मोकळी जागा सुमारे ३.७ घन सेंटिमीटर, म्हणजे ग्रीस १.१ मिलिलिटर, वजनाने ग्रॅमभर. ६२०२ ला ०.८, ६३०१ ला १, ६३०३ ला जवळजवळ २ मिलिलिटर. औषधाच्या दुकानातली २ मिलिलिटरची सिरिंज सुई न लावता वापरा, खुणा आयत्याच मिळतात. मागचा दट्ट्या काढून काडीने ग्रीस भरा, दट्ट्या परत घालून हवा बाहेर काढा. निम्मं एका बाजूने, निम्मं दुसऱ्या बाजूने, छर्ऱ्यांच्या मधल्या फटींत नेम धरून. सीलच्या आतल्या कडेला फक्त बोटाने पुसट हात फिरवा.

गच्च भरलं तर काय होतं? छर्रे ते ग्रीस सतत घुसळत राहतात, घुसळण्याने उष्णता वाढते, ग्रीस पातळ होतं, सील फुगून बाहेर येतं आणि ग्रीस बेल्टवर उडतं. मग बेल्ट घसरतो आणि ज्या आवाजासाठी काम काढलं त्याच्या दुप्पट आवाज येतो.

भरल्यावर हाताने ३०-४० फेरे द्या. जास्तीचं ग्रीस केजबाहेर वळीसारखं निघतं, तेवढं पुसा. बाहेरच्या रिंगची खाच स्वच्छ पुसून सील एका बाजूने टेकवा आणि अंगठ्याने गोल दाबत न्या. शेवटचा तुकडा ‘टप्’ करून बसला पाहिजे. हट्ट करत असेल तर बाहेरच्या कडेच्या मापाचा सॉकेट उलटा ठेवून तळव्याने दाबा, हातोडी नको. बसलेलं सील रिंगच्या तोंडापेक्षा किंचित आत असतं आणि सगळीकडे सारखं असतं.

परत चढवताना

वॉशर-स्पेसर काढलेल्या क्रमाने. बोल्टचा टॉर्क गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे; साधारणपणे एम८ ला २० ते २५ आणि एम१० ला ४० ते ५० न्यूटन मीटर असतो. पुल्यांच्या तोंडावर पोलादी पट्टी ठेवून रेष तपासा. हाताने ताणायचा बेल्ट असेल तर सगळ्यात लांब पट्ट्याच्या मध्यावर अंगठ्याने दहा किलोचा जोर दिल्यावर बहुतेक गाड्यांत ८ ते १२ मिलिमीटर दबतो. ‘वाजू नये म्हणून जरा जास्तच कसला’ हे पुली आणि आल्टरनेटर दोघांच्या बेअरिंग्ज अकाली जाण्याचं मोठं कारण आहे.

इंजिन दहा मिनिटं संथ चालवा, बंद करा, आणि पुलीच्या बोल्टच्या डोक्याला बोट लावा. कोमट ते गरम ठीक. बोट ठेवता येत नसेल आणि शेजारची पुली मात्र साधारण असेल तर ग्रीस जास्त झालं आहे किंवा सील घासतं आहे. पहिल्या वीस-तीस किलोमीटरनंतर सीलच्या आतल्या कडेला ग्रीसची बारीक रेघ दिसली तर पुसून टाका, ती एकदाच येते. पुन्हा पुन्हा येत असेल तर सील कापलेलं आहे. पुलीच्या आतल्या अंगाला मार्करने किलोमीटर लिहून ठेवा आणि पुढच्या वेळी बेल्ट निघेल तेव्हा पुन्हा टिचकी मारून बघा.

बदलायचीच ठरली तर पत्र्याच्या पुलीत नुसती बेअरिंग बदलता येते, आणि पुली-बेअरिंगच्या जोडापेक्षा ते पुष्कळ स्वस्त पडतं. मुंबईत नागदेवीला किंवा पुण्यात नाना पेठेत दुकानदाराला आकडा, सील आणि मोकळीक असं पूर्ण सांगा: ६२०३ टू-आरएस सी३. नुसतं ‘बासष्ट-तीन द्या’ म्हटलं तर समोर येईल ती मिळते. नकली माल याच मापांत भरपूर आहे. डब्यावरची छपाई आणि रिंगवरचं कोरलेलं लिखाण जुळतं का बघा. एसकेएफचं तपासणीसाठी मोबाइल ॲपही आहे. माझं मत विचाराल तर धुतल्यावर रेस स्वच्छ निघालेली मूळ बेअरिंग ही खात्री नसलेल्या नव्या बेअरिंगपेक्षा केव्हाही बरी.

त्याच बेल्टवरच्या बाकीच्यांचं

वॉटर पंपाची बेअरिंग शाफ्टसकट एकजीव असते, उघडत नाही. पंपाच्या खालच्या भोकातून कूलंट गळत असेल तर पंपच बदलायचा. आल्टरनेटरची पुढची बेअरिंग बऱ्याच गाड्यांत ६३०३ असते, पण तिथवर पोचायला आल्टरनेटर खोलावा लागतो. एवढा खोलला आहे तर दोन्ही बेअरिंग्ज नव्या घाला, मजुरीपुढे त्यांची किंमत किरकोळ आहे. स्लिप रिंगच्या (कार्बन ब्रश जिच्यावर घासतात ती रिंग) बाजूच्या बेअरिंगमध्ये हाताने ग्रीस भरलं आणि ते जरा जास्त झालं, तर उडून स्लिप रिंगवर बसतं, कार्बन ब्रश चिकटतात आणि चार्जिंग बंद पडतं. एसीच्या क्लचमधली बेअरिंग दोन ओळींची असते, क्लचच्या कॉइलची उष्णता तिला थेट लागते आणि एसी बंद असतानाही ती बेल्टबरोबर फिरतच असते. ती सुकेपर्यंत तिचा पोलादही बहुतेक वेळा निळा पडलेला असतो, तेव्हा तिथे नवी. फक्त ती काढण्याआधी क्लचच्या तबकडीमागच्या शिम (पातळ वॉशर) मोजून वेगळ्या ठेवा. तबकडी आणि पुलीमधली अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासची फट त्यांच्यावरच ठरते, आणि ती वाढली की गरम इंजिनावर क्लच ओढतच नाही.